‘खेळीमेळीच्या वातावरणात’

आमच्या शाळेच्या इतिवृत्त वहीत प्रत्येक सभेच्या शेवटी एक वाक्य असते : ‘सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.’ हे वाक्य आम्हीच लिहितो. आम्ही म्हणजे जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतले शिक्षक. सभेत काय घडले याचा आणि या वाक्याचा काही संबंध असावा लागतो, हे आम्ही कधीच विसरून गेलो आहोत.

एका सभेची गोष्ट सांगतो. शाळा व्यवस्थापन समितीची मासिक सभा होती. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. त्याप्रमाणे या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. आमच्याकडे कागदोपत्री तेवढ्या आहेत. त्यांतली एक आई त्या दिवशी पहिल्यांदा उभी राहिली. म्हणाली, “सर, आठवी के बाद गाँव में उर्दू हायस्कूल है नई. बच्चे मराठी शाळा में जाते और पीछे के बेंच पे गुपचूप बैठते. मराठी जरा जास्ती सिकाव ना.”

वर्षानुवर्षे आम्हाला छळणारा प्रश्न तिने तीन वाक्यांत मांडला होता. तिला उत्तर दिले मोहल्ल्यातल्या एका शिकलेल्या सद्‌गृहस्थांनी. “आपा, पहले अपना तलफ्फुज तो दुरुस्त कीजिए, फिर जबान का मसला छेडिए.” सगळे हसले. ती खाली बसली. ठरावावर तिने सही केली आणि त्यानंतर ती एकाही सभेला आली नाही. त्या रात्री वहीत आम्ही लिहिले : ‘सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.’

आता आम्हाला विचारायचे आहे, या सभेत बेअदबी कोणी केली? गृहस्थांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी ‘आपा’ म्हटले, ‘कीजिए’ म्हटले. बाईचा आवाज मात्र थोडा चढला होता, कारण तिचा मुलगा पीछे के बेंचवर बसणार होता. आपल्याकडे चढलेला आवाज म्हणजे बेअदबी आणि गोड आवाजातला अपमान म्हणजे हजरजबाबीपणा, असा हिशेब आहे. हा हिशेबच आम्हाला मान्य नाही. राग म्हणजे अपमान नव्हे. रागावलेला माणूस मुद्द्यावर बोलत असतो, त्याला बोलू द्यावे. जो मुद्दा सोडून माणसाला धरतो, त्याला थांबवावे.

हे केवळ आमच्या शाळेपुरते असते तर वार्षिकाची पाने आम्ही अडवली नसती. जमातीच्या बैठकीत कोणी हिशेब मागितला की त्याची बिरादरी निघते. मशिदीच्या कमिटीत मतभेद झाला की ‘वहाबी’ आणि ‘बिदअती’ हे दोन दगड तयारच असतात. साहित्याच्या व्यासपीठावर आपण जरा सुसंस्कृत होतो, म्हणजे शिव्या बदलतो. इकडून ‘दलवाईचा चेला’, तिकडून ‘मुल्ला’. दाढी दिसली की धर्मांध म्हणणारे आमचे सुधारक मित्रही यात मागे नाहीत.

हमीद दलवाई यांनी १९६६ साली मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व यांबद्दलचे प्रश्न त्या स्त्रिया घेऊन गेल्या होत्या. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. दलवाईंची सगळी मते पटलीच पाहिजेत, असे आम्ही म्हणत नाही. आम्हालाही पटत नाहीत. पण त्या स्त्रियांचे प्रश्न आपल्या मजलिसीत बसून ऐकायला काय हरकत होती? आपण नावे ठेवली. अखेर तो प्रश्न कोर्टात गेला, २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तीन तलाक रद्द ठरवला आणि २०१९ मध्ये कायदा आला. त्या कायद्यावर आज आपण कितीही तावातावाने बोलू, पण आपल्या चौकात हसण्यावारी नेलेला प्रश्न दुसऱ्याच्या चौकात जातो आणि तिथे आपल्याला कोणी विचारत नाही, हा धडा तरी घ्यावा.

यावर एक उत्तर ठरलेले असते : मोठ्यांसमोर छोट्यांनी बोलू नये, हीच आपली तहजीब. ही तहजीब कुठून आणली? इमाम अबू हनीफांचे दोन नामवंत शागीर्द, इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद, यांनी कित्येक मसल्यांत उस्तादांपेक्षा वेगळे मत दिले. हनफी ग्रंथांत ती मते उस्तादांच्या मताशेजारी नोंदलेली आहेत. कोणी त्यांना बेअदब म्हणून मदरशाबाहेर काढले नाही. कुरआनातली सूरह मुजादला सुरू होते तीच नवऱ्याविरुद्ध तक्रार घेऊन आलेल्या, वाद घालणाऱ्या स्त्रीपासून. तिचे म्हणणे ऐकले गेले, हे पहिल्याच आयतीत सांगितले आहे. पुढे त्याच सूरहमध्ये मजलिसीत एकमेकांना जागा करून देण्याची ताकीद आहे. आणि एकमेकांची टर उडवू नका, वाईट नावांनी हाक मारू नका, हे सूरह हुजुरातमध्ये आहे. आम्ही हे मुलांकडून पाठ करून घेतो. सभेत मात्र ते आमच्या कामाला येत नाही.

वर्गात आम्हाला एक गोष्ट समजली आहे. एक मुलगा दुसऱ्याला ‘काण्या’ म्हणतो, तेव्हा फक्त त्याला उभे करून भागत नाही. जे हसले त्यांनाही विचारावे लागते. हसणारे नसतील तर चिडवणारा दोन दिवसांत थकतो. सभेचेही तसेच आहे. म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. सदर म्हणजे हार घालून घेणारा माणूस नव्हे. कोणी माणसावर घसरला की त्याला तिथल्या तिथे थांबवणे, हे सदराचे पहिले काम. अपमान चारचौघांत झाला असेल तर माफीही चारचौघांतच व्हावी, मागाहून घरी जाऊन नव्हे. ज्याने त्याने आपल्या बोलीत बोलावे, दखनीत, कोकणीत, मराठीत. जो कधीच बोलत नाही त्याला आधी विचारावे. आणि हे नियम हाजीसाहेबांना, प्राध्यापकांना आणि आम्हा शिक्षकांना सारखेच लागू असावेत. छोट्यांवरच चालणाऱ्या नियमाला आम्ही अदब म्हणणार नाही.

त्या आईच्या घरी आम्ही गेलो होतो, बऱ्याच उशिरा. तिने चहा दिला. सभेला चला म्हटले तेव्हा म्हणाली, “उनो तो बोले सो बोले, सर. आप लोगां चूप कायकू बैठे?”

याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. पुढच्या सभेत त्या दिवशी काय घडले ते आम्ही वाचून दाखवणार आहोत आणि आमच्या गप्प बसण्याची नोंदही वहीत करणार आहोत. सभेत थोडी कटुता येईल. येऊ द्या. पण तिची खुर्ची रिकामी असेल, तोवर ते वाक्य आमच्या हातून लिहिले जाणार नाही.