चूल गाडीत, चूल गाडीबाहेर

डिसेंबर उजाडला की आमच्याकडच्या रविवार पुरवण्यांना एक लेख हमखास लागतो. युरोपातलं एखादं जोडपं नोकरी सोडून, घर भाड्याने देऊन, स्वतःपेक्षा वयाने मोठी असलेली जुनी व्हॅन घेऊन निघालेलं असतं आणि महिनोन्‌महिने रस्त्यावर काढून एकदाचं हरमल-मांद्र्याच्या बाजूला पोचलेलं असतं. फोटोत गाडीचं सरकतं दार उघडं. आत दोन माणसांपुरती गादी, खाली डबे, कोपऱ्यात शेगडी, तिच्यावर किटली. बाहेर दोन माडांना बांधलेली दोरी, दोरीवर कपडे. मथळा ठरलेला, 'चाकांवरचा संसार'. मजकूरही ठरलेला. किती कमी वस्तूंत माणूस सुखी राहू शकतो, आपण मात्र फ्लॅटच्या हप्त्यांत कसे अडकलो, वगैरे.

मला हे लेख आवडतात, हे आधीच कबूल करून टाकतो. माझं भांडण त्या जोडप्याशी नाहीच. भांडण आहे ते त्या पुरवणीसोबत येणाऱ्या मुख्य अंकाशी. तिथेही एक गाडी असते, फक्त तिच्या पाटीवर केए २२ किंवा एमएच ०९ असं लिहिलेलं असतं. तिच्याजवळही शेगडी असते, दोरीवर कपडे असतात, आणि खाली बसून कांदा चिरणारी बाई असते. तो मथळाही ठरलेला, 'उघड्यावर स्वयंपाक, पर्यटकांचा उच्छाद'. त्याखाली वाचकांची पत्रं. त्या पत्रांत छापायला नको असा एक शब्द असतो, तो संपादक गाळतात. पण बाजारात, बसमध्ये, लग्नाच्या मांडवात आपण तो सर्रास वापरतो. 'घाटी'!

एकाच अंकात दोन गाड्या, दोन चुली. एक मुक्ती आणि दुसरी घाण. हे कसं काय, एवढंच मला विचारायचं आहे.

तुम्ही म्हणाल, कायदा सगळ्यांना सारखा आहे. बघूया. २००१ साली आपल्याकडे पर्यटनस्थळांच्या संरक्षणाचा आणि देखभालीचा कायदा झाला. २०१९ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणं, दारू पिणं, बाटल्या फोडणं यांवर दंड बसला. एकट्यादुकट्याला २,००० रुपये, घोळक्याला १०,०००. ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्यटन खात्याने आदेश काढून उघड्यावरच्या चुलीचा दंड ५०,००० पर्यंत नेला. बाटली फोडणारा आणि भात शिजवणारी एकाच रांगेत उभी करण्याची आमची ही न्यायबुद्धी! पण आता त्यातला एक शब्द नीट वाचा. 'उघड्यावर'. व्हॅनमधली शेगडी उघड्यावर नसते, कारण व्हॅनला दार असतं. हुबळीहून ट्रॅव्हलर भाड्याने करून आलेल्या चौदा माणसांना गाडीत स्वयंपाक करता येत नाही, म्हणून ती खाली उतरतात, आणि उतरली की गुन्हेगार ठरतात. कायदा कागदावर सारखाच आहे. पण ज्याच्याजवळ दार आहे त्याला तो दिसतच नाही.

या जुन्या व्हॅनची आपल्याला एवढी ओढ का, तेही बघायला हवं. फोक्सवॅगनची ही बस १९५० पासून बनू लागली. साठच्या दशकाच्या अखेरीस इस्तंबूलहून निघून तेहरान, हेरात, काबूल, खैबर, लाहोर, दिल्ली करत असल्या बसा आणि मोडक्या मोटारी गोव्यात येऊ लागल्या. १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली, वर्षअखेरीला सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि ती वाट बंद पडली. हणजुण्याचा बुधवारचा बाजार म्हणजे परतीच्या खर्चासाठी त्या मंडळींनी विकायला काढलेल्या सामानाची आठवण, असं सांगतात. तेव्हा त्या हिप्पींना आपण काय काय म्हणत होतो, ते वडीलधाऱ्यांना विचारा. कौतुक फारसं कोणी करत नव्हतं. ते आले नि गेले, आणि मग आपल्याला त्यांची गोडी लागली. आज रेस्टॉरंटच्या भिंतीवर त्यांच्या बसचं चित्र असतं. बेळगावच्या टेंपोचं चित्र कुठल्या भिंतीवर बघितलंय का तुम्ही?

आता या प्रवासातलं 'स्वातंत्र्य'ही तपासू. परदेशी गाडी भारतात आणायची तर सीमाशुल्काचं कार्ने लागतं. गाडी परत बाहेर नेली जाईल याची ती हमी असते आणि त्या हमीसाठी मायदेशी पैसे अडकवून ठेवावे लागतात. पासपोर्ट बळकट लागतो, खात्यात शिल्लक लागते, आणि कंटाळा आला तर परतायला घर लागतं. म्हणजे गाडी जुनी असली तरी तिच्या पाठीशी असलेली पत नवीकोरी असते. यात वाईट काही नाही. फक्त त्याला वैराग्य म्हणू नये.

अशा प्रवासाचं सर्वात सुंदर उदाहरण मला विचाराल तर मी हुलिओ कोर्तासारचं नाव घेईन. हा मोठा अर्जेंटिनी लेखक १९५१ पासून पॅरिसमध्ये राहिला. १९८२ च्या मे महिन्यात तो आणि त्याची बायको, लेखिका आणि छायाचित्रकार कॅरोल डनलप, आपल्या लाल फोक्सवॅगनमधून पॅरिसहून मार्सेला निघाले. गाडीचं नाव त्यांनी फाफनर ठेवलं होतं. वाग्नरच्या संगीतनाटकातल्या ड्रॅगनचं नाव. एरवी एका दिवसात संपणारा महामार्ग. यांनी नियम केला की महामार्ग सोडायचा नाही, दिवसाला दोनच विश्रांतिथांबे घ्यायचे आणि दुसऱ्यावर मुक्काम करायचा. तेहेतीस दिवस लागले! दोघंही आजारी होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅरोल गेली. हुलिओने पुस्तक पुरं केलं, ते १९८३ मध्ये आलं, आणि १९८४ च्या फेब्रुवारीत तोही गेला.

हे सगळं प्रेमाचं आणि मृत्यूचं म्हणून आपण वाचतो, आणि तसंच वाचावं. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्या पुरवणीवाल्यांच्या नजरेला कधी पडत नाही. हा प्रवास होऊ शकला तो फ्रान्सच्या महामार्गावर ठराविक अंतरावर थांबे होते म्हणून. सावलीची झाडं, लाकडी मेजं, पाणी, संडास. आणि तिथे मुक्काम टाकलेल्या दोन आजारी माणसांना कोणी हाकललं नाही. त्या अजरामर प्रेमकथेच्या पायाशी सार्वजनिक नळ आहे हो! आता आपल्याकडे पत्रादेवीहून पोळ्यापर्यंत महामार्गाने जा, आणि परक्या गावच्या बाईला निःशंक जाता येईल असे स्वच्छ संडास मोजा. समुद्रकिनाऱ्यांजवळ पार्किंगचे पैसे घेतात तिथे पिण्याच्या पाण्याचा नळ शोधा. मग पावती फाडणाऱ्याला विचारा की या माणसांनी डाळभात शिजवायचा कुठे.

'हॉटेलात जेवा' हे उत्तर मला माहीत आहे. किनाऱ्यावरच्या एका ताटाचा भाव चौदाने गुणून बघा, मग त्या माणसाचा महिन्याचा पगार आठवा. समुद्र बघण्याची इच्छा पगाराप्रमाणे कमीजास्त होत नसते.

आणि चाकांवरचा संसार ही युरोपातून आलेली नवलाई आहे, असं वाटणं हा तर आपल्या विस्मरणाचा कळस. राजस्थान-माळव्याकडचे गाडिया लोहार पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडीत संसार करत आले. नवरा तापलेलं लोखंड सांडशीत धरतो, बायको घण मारते, मूल गाडीच्या सावलीत झोपतं. इंदूर-ग्वाल्हेरच्या आपल्या मराठी मंडळींनी त्यांच्याकडून विळ्या-पळ्या घेतल्या असतील. त्यांना स्थिर करावं म्हणून १९५५ साली खुद्द पंडित नेहरू त्यांच्यासोबत चितोडगडावर गेले होते. इंग्रजांनी तर १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्काच मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण बिऱ्हाड पाठीवर घेतलेला माणूस दिसला की त्याच्याकडे संशयाने बघायची सवय गेली नाही. आणि दर हंगामात बीडकडून ट्रक-ट्रॅक्टरमधून कोल्हापूर-बेळगावकडे उतरणारे ऊसतोड कामगार? त्यांच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतो. जोडप्याला अवजाराचं नाव! पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत संसार, पहाटे थंडीत फड, जवळ लहान मूल. हाही जोडप्याचा लांबचा प्रवासच. त्यांच्यावर अहवाल निघतात, कधी कथाही येतात, पण 'किती कमी वस्तूंत माणूस सुखी राहू शकतो' असं त्यांच्या फोटोखाली लिहायची कुणाची छाती होत नाही. म्हणजे आतून आपल्याला कळत असतं की निवडलेली गरिबी वेगळी आणि वाट्याला आलेली वेगळी. कळत असूनही पहिलीला आपण पुरवणी देतो आणि दुसरीला पावती.

आपण स्वतः प्रवासाला निघतो तेव्हा काय करतो? आषाढीला गोव्यातून पायी दिंड्या निघतात, सोबत शिध्याचा टेंपो असतो. घाट चढून गेल्यावर कुठल्या तरी गावात, कुणाच्या तरी मळ्यात आपल्या चुली पेटतात. तिथल्या शेतकऱ्याने आपल्याला 'कोकणे' म्हणून हुसकावलेलं मी ऐकलेलं नाही. तो उलट पाण्याची मोटर चालू करून देतो. पावसाळ्यात आंबोलीला आपल्या गाड्या जातात, त्या तिथे काय पितात आणि काय टाकून येतात, ते आंबोलीकरांना विचारावं. उत्तर ऐकायची तयारी मात्र ठेवावी.

आणि सगळ्यात मोठं विस्मरण तर आपल्या घरातलंच. सोळाव्या शतकात आपले देवच बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघाले. मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून नदी ओलांडून अंत्रूज महालात आली. दूरदूर विखुरलेले कुळावी मग त्यांना भेटायला येऊ लागले, आणि म्हणून देवळांभोवती अग्रशाळा उभ्या राहिल्या. शिधा घेऊन आलेल्या कुटुंबाला तिथे खोली, तळीचं पाणी, रांधायची सोय. प्रवाशाने हॉटेलातच जेवावं अशी अट ज्या संस्कृतीने कधी घातली नाही, तिचे आपण वारस. आपल्याला पाहुण्यासाठी सुचलं काय, तर दंड!

हरकती मला मान्य आहेत. खरकटं वाळूत पुरलेलं मीही पाहिलंय. माडाच्या मुळाशी लावलेल्या विस्तवाने करपलेली बुंधंही पाहिली आहेत. ज्यांच्या भाटाशेजारी हा प्रकार रोज चालतो त्यांचा संताप खोटा नाही, आणि पणजीत बसून त्यांना सहिष्णुता शिकवायचा मला अधिकार नाही. पण मग दंड कचऱ्याला करा ना. कचरा टाकणारा कुणीही असो, चुलीचा असो, शॅकचा असो, की महिनोन्‌महिने एका जागी उभ्या असलेल्या व्हॅनचा, जिच्या आतल्या संडासाची टाकी कुठे रिकामी होते हे कोणी विचारत नाही. स्वयंपाक हा गुन्हा नाही. जागा न देणं हा गुन्हा आहे, आणि तो सरकारचा आहे.

२०२१ मध्ये केरळने आणि महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाची धोरणं आणली. वातानुकूलित गाडी, आत पलंग, स्वयंपाकघर. छान आहे. उद्या गोव्यातही अशा गाड्यांसाठी वीज-पाण्याचे तळ झाले तर आपण टाळ्या वाजवू. मग तेच पाणी, तेच संडास, वर पत्र्याचं छप्पर आणि खाली सिमेंटचा ओटा एवढं केए २२ वाल्यांसाठी करायला काय हरकत आहे? पेडण्यापासून काणकोणापर्यंत किनाऱ्याच्या प्रत्येक तालुक्यात किनाऱ्यापासून जरा आत एक तळ करा. माणशी भाडं घ्या, कचऱ्याची अनामत घ्या, ती पंचायतीला द्या. ओटे बांधल्यावरही जो वाळूत चूल मांडेल त्याला खुशाल दंड करा, मी टाळी देईन. त्या तळाला नाव शोधत बसायलाही नको. अग्रशाळा म्हणा.

आणि तोवर संपादकांना एक विनंती. यंदाच्या डिसेंबरात मांद्र्याच्या व्हॅनवाल्या जोडप्यावर लेख जरूर करा. पण त्यांच्या किटलीचा फोटो काढून झाल्यावर तुमच्या वार्ताहराला शंभर पावलं पुढे पार्किंगच्या कोपऱ्यात पाठवा. तिथे बेळगावकडचं एखादं जोडपं शेगडीभोवती पत्रा धरून वारा अडवत बसलेलं असेल. त्यांनाही तोच प्रश्न विचारा, 'कुठून निघालात, किती दिवस झाले, समुद्र कसा वाटला?' उत्तर जसंच्या तसं छापा. आणि छापण्याआधी पावतीवाल्याला बोलावू नका.