‘निगेटिव्ह’ म्हणजे टीबी नाही, असे नव्हे!

“डाक्टरसाब, तपासणीत तर काहीच निघालं नव्हतं की!”

सेनगाव तालुक्यातील एका बापाचे हे शब्द बऱ्याच वर्षांनंतरही माझ्या कानांतून जात नाहीत. त्याचा मुलगा ऊसतोडीहून परतला तो खोकतच. सूक्ष्मदर्शकाखाली केलेली बेडक्याची तपासणी निगेटिव्ह आली. ती चिठ्ठी पाहून मी निर्धास्त झालो आणि खोकल्याची औषधे देत राहिलो. चार महिन्यांनी टीबी निघाला. तोवर घरातल्या तीन वर्षांच्या पोरीलाही तो लागला होता. यात चिठ्ठीपेक्षा चूक माझीच मोठी होती. जंतू ‘दिसले नाहीत’ याचा अर्थ मी ‘जंतू नाहीत’ असा घेतला.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी हे जंतू जगापुढे मांडले. तेव्हापासून आपण ते डोळ्यांनीच शोधत आलो. पण एक मिलिलिटर बेडक्यात पाच ते दहा हजार जंतू असतील, तरच ते सूक्ष्मदर्शकाखाली सापडतात. त्याहून कमी असले तर निसटतात.

आता यंत्रे आली आहेत. ती कशी चालतात, हे समजायला आपली वसमतची हळद पुरेशी आहे. चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये मिसळा आणि दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा अंधारात तिच्यावर धरा. हिरवट-पिवळी चमक दिसेल. एका रंगाचा प्रकाश घेऊन दुसऱ्या रंगाचा परत देणे, यालाच प्रतिदीप्ती म्हणतात. सीबीनॅट आणि ट्रूनॅट या यंत्रांत जंतूच्या जनुकाच्या प्रती काढतात. एकाचे दोन, दोनाचे चार, असे तीस वेळा झाले की शंभर कोटींवर प्रती होतात. प्रत्येक प्रतीबरोबर चमक वाढते आणि यंत्रातला प्रकाश टिपणारा ‘डोळा’ ती मोजतो.

खरी मेख या डोळ्यातच आहे. पूर्ण काळोखातही त्यात थोडी विजेची खरखर चालू असते आणि उष्णतेने ती वाढते. आकाशवाणी परभणी नीट लागले नाही की खरखरीत बातम्या बुडून जातात, तसेच हे. डोळ्याची खरखर जेवढी कमी, तेवढी मंद चमक लवकर आणि खात्रीने ओळखू येते. सीबीनॅटला मिलिलिटरमागे सुमारे १३० जंतूही पुरतात. रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही, हेही दोनेक तासांत कळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली या तपासणीला मान्यता दिली. २०२० साली मान्यता मिळालेले ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यातले. ते बॅटरीवर चालते, म्हणून लहान केंद्रातही ठेवता येते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे. दोन आठवड्यांवर खोकला असेल, तर आम्हा खाजगी डॉक्टरांनी बाटल्यांवर बाटल्या लिहून न देता पहिल्यांदाच रुग्णाला या तपासणीसाठी पाठवावे. सरकारी केंद्रात ती मोफत होते. शासनानेही यंत्र बसवले म्हणजे काम झाले, असे समजू नये. चिप आणि कार्ट्रिज वेळेवर मिळाली नाहीत, गावातला नमुना केंद्रापर्यंत पोचला नाही, तर यंत्र म्हणजे नुसते कपाटच!

वाचकहो, तुमचेही एक काम आहे. सकाळी चूळ भरून, दीर्घ श्वास घेऊन, छातीतून खोकून बेडका द्या. तोंडातली थुंकी देऊ नका. थुंकीत जंतूच नसतील, तर यंत्र तरी काय शोधणार?

यंत्रालाही मर्यादा आहेत. मेलेले जंतू आणि जिवंत जंतू त्याला वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून पूर्वी उपचार झाले असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. तपासणी निगेटिव्ह आली, पण खोकला, ताप आणि वजन घटणे सुरूच राहिले, तर गप्प बसू नका, पुन्हा दाखवा. टीबी निघालाच, तर औषध मोफत आहे आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिना एक हजार रुपयेही मिळतात. घरातल्या लहान मुलांना मात्र लगेच तपासून घ्या.

त्या पोरीच्या बाबतीत मला उशीर झाला. तुमच्या घरात तो होऊ नये.