विश्लेषण : सॉमच्या खंदकयुद्धातून ब्रिटनने नेमके काय मिळवले?

१ जुलै १९१६. फ्रान्समधील सॉम नदीच्या परिसरात ब्रिटिश लष्कराचे ५७,४७० सैनिक एका दिवसात मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले. त्यांपैकी १९,२४० जण प्राणास मुकले. साडेचार महिन्यांनी लढाई थांबली तेव्हा आघाडी जेमतेम १० किलोमीटर पुढे सरकली होती. एवढी किंमत मोजून काय साधले, हा वाद शंभर वर्षांनंतरही मिटलेला नाही.

चढाई कशासाठी होती?

फेब्रुवारी १९१६ पासून जर्मनीने व्हर्दूं येथे फ्रान्सची कोंडी केली होती. तेथील दबाव कमी करणे ही तातडीची गरज होती. ब्रिटिश सेनापती डग्लस हेग यांना मात्र त्याहून अधिक हवे होते : जर्मन फळी फोडून घोडदळ आत घुसवायचे.

पहिल्याच दिवशी अनर्थ का झाला?

त्याआधी आठवडाभर सुमारे १५ लाख तोफगोळे डागण्यात आले. पण मारा लांबलचक पट्ट्यावर विखुरला गेला, जड तोफा कमी पडल्या आणि असंख्य गोळे फुटलेच नाहीत. जमिनीखालच्या खोल भुयारांत जर्मन सैनिक तगून राहिले. मारा पुढे सरकताच त्यांनी वर येऊन मशीनगन रोखल्या. दक्षिणेकडे मात्र फ्रेंचांकडे जड तोफा भरपूर होत्या. तेथे फ्रेंचांनी आणि त्यांच्या शेजारच्या ब्रिटिश तुकड्यांनी त्याच दिवशी उद्दिष्टे गाठली. म्हणजे हा अनर्थ अटळ नव्हता.

घोडदळाचे काय झाले?

१४ जुलै रोजी ‘डेक्कन हॉर्स’ या भारतीय रिसाल्याने ब्रिटिश घोडदळासह हाय वूड या जंगलाजवळ चढाई केली. थोडी जमीन हाती आली, पण फळी फुटली नाही.

मग फायदा काहीच नाही?

तसे नाही. जुलैतच जर्मनीने व्हर्दूंमधील आक्रमण आवरते घेतले. अनुभवी जर्मन सैनिकांची मोठी हानी झाली. १९१७ च्या सुरुवातीला जर्मन सैन्य आपणहून हिंडेनबर्ग रेषेपर्यंत मागे हटले. पण त्यासाठी ब्रिटिश साम्राज्याने सुमारे ४ लाख २० हजार, तर फ्रान्सने सुमारे दोन लाख सैनिकांची हानी सोसली. जर्मन हानीच्या आकड्यांवर आजही एकमत नाही.

खरा प्रश्न कोणता?

डिसेंबर १९१६ च्या अहवालात हेग यांनी तीन उद्दिष्टे सांगितली : व्हर्दूंची सुटका, जर्मन फौजा अडकवून ठेवणे आणि शत्रूची शक्ती झिजवणे. तिन्ही साध्य झाल्याचा दावाही केला. फळी फोडण्याचे मूळ स्वप्न त्या यादीत नव्हते. सॉममुळे जर्मनी खिळखिळी झाली, हे खरे. पण निकाल पाहून उद्दिष्ट ठरवले की कोणतीही चढाई यशस्वीच ठरते आणि चुकांचा जाब कोणालाच द्यावा लागत नाही. पुढच्याच वर्षी पाशेंडेलच्या चिखलात तसाच हिशेब पुन्हा मांडावा लागला.