फळ्या न लागणारे दुकान

म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात दुपारी एकच्या सुमारास आलेल्या परमुलखातील पाहुण्यास एका गोष्टीचे हमखास नवल वाटत आले आहे. भर बाजारात एकामागून एक दुकानांच्या फळ्या लागतात, दुकानदार घरी जातो, कुटुंबासह जेवतो, घटकाभर आडवा होतो आणि साडेतीननंतर पुन्हा गल्ल्यावर येऊन बसतो. गोवेकरांचा आळस म्हणून या रीतीची पुष्कळ टवाळी झाली आहे. प्रसंगी आम्हीही त्या टवाळीत सूर मिसळला असेल. तथापि ती फळी म्हणजे नुसते लाकूड नव्हते. दुकान कोठे संपते आणि घर कोठे सुरू होते, हे गिऱ्हाइकास व खुद्द दुकानदारासही सांगणारी ती एक सीमा होती. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशा घरांत पिढ्या वाढल्या, त्या या सीमेच्या आधारानेच.

गेल्या काही वर्षांत गोव्यातील घरांत एक नवे दुकान उघडले आहे आणि त्याला फळ्याच नाहीत. पडवीच्या कोपऱ्यात किंवा निजायच्या खोलीत एक मेज, दोन संगणक, वीज गेली तर तासभर तग धरणारा इन्व्हर्टर आणि इंटरनेटची एक वाहिनी, एवढ्या सामग्रीवर आपली तरुण मुले-मुली संकेतस्थळे तयार करण्याचा व ती सांभाळण्याचा धंदा चालवीत आहेत. हॉटेले, अतिथिगृहे, दवाखाने, शाळा, देवस्थाने हे त्यांचे स्थानिक गिऱ्हाईक. शिवाय इंग्लंड-अमेरिकेतील एखाद्या कंपनीचे काम. शिकलेल्या मुलाने बंगळूर किंवा पुण्याची वाट धरावी आणि आईबापांनी चतुर्थीची वाट पाहावी, हे आपल्याकडे ठरून गेलेले होते. माहिती तंत्रज्ञानाच्या नावाने दोनापावल्यासारख्या पठारांवर सरकारने वसाहतींचे बेत आखले. त्यांतून रोजगारापेक्षा वादच अधिक निपजले. या मुलांनी मात्र कोणाकडे पठार मागितले नाही. आपल्याच घरात त्यांनी धंदा उभारला. त्यांचे कौतुक करण्यात आम्ही कोणाच्या मागे राहणार नाही.

परंतु भांडवल किती घातलेस, असे यांपैकी कोणास विचारले तर तो दोन संगणकांची किंमत सांगतो. ते उत्तर अपुरे आहे. या धंद्याचे मुख्य भांडवल म्हणजे घरातल्या माणसांचा वेळ, आणि तो कोणत्याच खातेवहीत नोंदला जात नाही.

या धंद्याचा स्वभाव थोडा उलगडून सांगावयास हवा. संकेतस्थळ हे कपाटासारखे एकदा करून दिले आणि पैसे घेऊन मोकळे झालो, असे नसते. ते गोठ्यातल्या गाईसारखे आहे. तिला रोज चारा हवा, रोज धार काढावयास हवी, आणि ती मध्यरात्री हंबरली तर उठावयास हवे. नावाची नोंदणी दरसाल नवी करावी लागते, जागेचे भाडे भरावे लागते, आतील प्रणाली वरचेवर अद्ययावत करावी लागते. न केल्यास चोर आत शिरतात. सुरक्षेचे जे प्रमाणपत्र संकेतस्थळाला लागते, त्याची कमाल मुदत पूर्वी 398 दिवस होती. जगातील प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था व ब्राउझर बनविणाऱ्या कंपन्या यांच्या संयुक्त मंडळाने एप्रिल 2025 मध्ये ठराव करून ती टप्प्याटप्प्याने घटविण्याचे ठरविले: 15 मार्च 2026 पासून 200 दिवस, 2027 च्या मार्चपासून 100 आणि 2029 च्या मार्चपासून अवघे 47. मोठ्या कंपन्यांत हे काम यंत्रेच करतील. लहान माणूसही यंत्रावर सोपवील. पण यंत्र अडले की उठावयाचे त्यालाच.

त्यात घड्याळाचे दुखणे आहे. हिवाळ्यात लंडनच्या कचेरीत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे अडीच झालेले असतात, आणि ती कचेरी सायंकाळी पाचला बंद होते तेव्हा आपले साडेदहा. न्यूयॉर्कचा दिवस तर आपल्या दिवेलागणीनंतर उजाडतो. म्हणजे मुले शाळेतून येतात, देवापुढे समई लागते, पाने मांडली जातात, तेव्हाच या दुकानात गर्दीची वेळ असते. स्थानिक गिऱ्हाईक जवळचे खरे, परंतु ते आणखी अवघड. परदेशी माणूस ठरल्या वेळी बोलतो. आपला माणूस ओळखीचा असतो, बहुधा दूरचा सोयराही निघतो, आणि ओळखीच्या माणसाने रात्री दहा वाजता फोन करून एक चित्र तेवढे बदलून मागितले तर नाही म्हणणे कठीण. आणखी एक गोष्ट खास गोव्याची. पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो. हॉटेलवाल्यास त्याआधी आपले संकेतस्थळ नवे करून हवे असते. साहजिकच कामाची खरी झुंबड उडते ती ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे ऐन चतुर्थीच्या तोंडावर. मूळ घरी सारे भाऊबंद जमलेले, माटोळी बांधावयाची आहे, आणि घरचा कर्ता मुलगा मागच्या खोलीत संगणक उघडून बसलेला आहे, हे चित्र आज कित्येक वाड्यांवर दिसते. त्याला घरात नसल्याचा दोष देता येत नाही. तो घरातच असतो!

या असण्याचा भार कोणावर पडतो, हे सांगावयास फार संशोधन नको. तरी सरकारी आकडेच पाहू. केंद्राच्या 2024 च्या कालविनियोग सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाकाठी सरासरी 289 मिनिटे त्या बिनमोल कामास देतात. पुरुष 88 मिनिटे. हे साऱ्या देशाचे चित्र झाले. ज्या घरात दुकान शिरले आहे तेथे या कामांत आणखी एकाची भर पडते, आणि तिला नावही नाही. पोरांना गप्प बसविणे, दारावर आलेल्यास थोपवून धरणे, फोन घेऊन 'ते कामात आहेत' असे सांगणे, पावत्या शोधून ठेवणे, आणि पुष्कळदा वस्तू व सेवा कराचे विवरण वेळेत भरले जाते की नाही यावर नजर ठेवणे. पूर्वीच्या दुकानदारणी हेच करीत होत्या, असे कोणी म्हणेल. करीत होत्या, पण दुपारी फळी लागत होती.

आणि येथे आम्हांस एका विसंगतीकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. पोर्तुगीज अमदानीतून आलेला आपला नागरी कायदा हा आपल्या अभिमानाचा विषय आहे. देशभर समान नागरी कायद्याची चर्चा निघाली की आपण मान ताठ करून त्याचा दाखला देतो. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर या कायद्याने पतिपत्नींची मालमत्ता समाईक ठरते. आयकराच्या कायद्यानेही हे मान्य केले आहे. 1961 च्या कायद्यात 1994 साली घातलेल्या कलम 5अ प्रमाणे या पद्धतीखाली येणाऱ्या दांपत्याचे पगाराखेरीजचे उत्पन्न दोघांत निम्मेनिम्मे विभागले जाते; 2025 च्या नव्या आयकर कायद्यातही ते तत्त्व कायम ठेवण्यात आले. या अपवादाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. नवरा नोकरीला असेल तर पगार त्याचा एकट्याचा धरला जातो. त्याने नोकरी सोडून घरात संकेतस्थळांचा धंदा मांडला, की त्या धंद्याचा निम्मा नफा कायद्याने बायकोच्या नावे लागतो. घर गहाण टाकून कर्ज काढावयाचे झाले तर तिची सही लागते, आणि कुटुंबाच्या हितासाठी काढलेले ते कर्ज बुडाले तर झळ तिलाही पोचते. थोडक्यात, सरकारदरबारी ती निम्म्या धंद्याची धनीण आहे. मग नवे काम घ्यावे की नाही, कोणत्या दराने घ्यावे, रात्रीचे फोन उचलावे की नाही, हे ठरविताना तिला कोण विचारतो? तिची सही मार्चअखेरीस लागते. मत वर्षभर लागत नाही. जो कायदा आपण परप्रांतीयांपुढे मिरवितो, तो आपल्या पडवीत आपण किती मानतो, हे ज्याने त्याने आपल्या घरी तपासावे.

धंदा बाईच्या नावावर असला की अडचण दुहेरी होते. प्रसूती लाभाचा 1961 चा कायदा 2017 साली सुधारून रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर नेण्यात आली आणि पन्नास वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत पाळणाघर सक्तीचे झाले. पुढे 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत याच तरतुदी आल्या. तरतुदी स्तुत्य आहेत, परंतु त्या नोकरदार स्त्रीसाठी. जी स्वतःच मालकीण आणि स्वतःच कामगार, तिला रजा देणार कोण? बाळंतपणाच्या दुसऱ्या आठवड्यात ओटीत मूल घेऊन गिऱ्हाइकाचे बिघडलेले संकेतस्थळ दुरुस्त करणाऱ्या मुली आमच्या माहितीत आहेत. लोक त्यांना 'घरीच असते' असे म्हणतात.

गोवा सरकारने 2017 साली स्टार्टअप धोरण जाहीर केले व पुढे ते सुधारलेही. या धोरणांची दृष्टी जो उद्योग झपाट्याने वाढेल, बाहेरचे भांडवल खेचून आणील, त्यावर खिळलेली असते. ज्याला वाढावयाचेच नाही, दोन-तीन माणसांनिशी आपल्या गावात राहून सन्मानाने पोट भरावयाचे आहे, तो त्यांत बसत नाही. अशा माणसाला अनुदानापेक्षा दोन साध्या गोष्टी हव्या आहेत. पहिली पाळणाघर. अंगणवाडी अर्ध्या दिवसाची. केंद्राच्या मिशन शक्तीखालील 'पाळणा' योजनेचा आधार घेऊन पालिकांनी व मोठ्या पंचायतींनी सायंकाळपर्यंत चालणारी पाळणाघरे काढली आणि स्वयंरोजगारी आईबापांच्या मुलांस तेथे हक्काने घेतले, तर घरातील निम्मी ओढाताण थांबेल. दुसरी गोष्ट म्हणजे वेळेवर पैसे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणीकृत लहान उद्योजकाचे पैसे फार तर 45 दिवसांत चुकते करावे लागतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ, व्याज लागते. कायदा कडक आहे. पण ज्याच्याकडे पुढच्या हंगामाचे काम मागावयाचे, त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करणार? सरकारी खाती, महामंडळे आणि अनुदानित संस्था यांनी तरी स्वतः ही मुदत पाळून दाखवावी. बिल थकले की तो तोटा भरून काढण्यास आणखी एक काम घ्यावे लागते, आणि ते काम रात्रीच होते.

दोष सगळा सरकारचा किंवा गिऱ्हाइकाचा नाही. या व्यवसायातील मंडळींनी एकमेकांवर कुरघोडी करून दर इतके खाली आणले आहेत की संकेतस्थळ उभारण्याच्या रकमेतच पुढची कित्येक वर्षे त्याची चाकरी फुकट करण्याचे ते नकळत पत्करतात. सांभाळाचे पैसे वेगळे मागावेत, करार लेखी असावा, रात्रीच्या कामाचा दर निराळा असावा, या गोष्टी वकिलांनी व डॉक्टरांनी केव्हाच रूढ केल्या आहेत. देखभालीच्या करारात सुट्टीचे दिवस नावानिशी लिहिण्यास कोणाची हरकत आहे? चतुर्थीचे पाच दिवस, गावच्या जत्रेचा दिवस, आणि रोज सायंकाळी सात ते नऊ दुकान बंद. लंडनच्या गिऱ्हाइकास हे मान्य होईल, अशी आमची खात्री आहे. नाताळात त्याची कचेरी बंद असते तेव्हा त्याला कोणी फोन करीत नाही. कठीण जाईल ते आपल्याच हॉटेलवाल्यास. त्याने यंदा जुलैतच काम सांगावे.