डब्याला लाईट लावताय? पट्टी नाही, जोडणी विका!

उसाच्या हंगामात नांदेड-लातूर रस्त्यावर रात्री ट्रॉल्या, ट्रक आणि त्यातच मागे डबा बांधलेला आपला डिलिव्हरीवाला. तो मागून लांबूनच दिसला पाहिजे. म्हणून डब्याला एलईडी पट्टी लावून देणं हा छोट्या दुकानाला चांगला जोडधंदा आहे.

पण माझं मत स्पष्ट आहे. पट्टी ऑनलाइनही मिळते. गिऱ्हाईक तुमच्याकडे येतं ते जोडणीसाठी. तीच नीट करा आणि तिचेच पैसे घ्या.

हिशोब बघा. ३ वॅटच्या दोन पट्ट्या म्हणजे ६ वॅट, १२ व्होल्टवर अर्धा अँपिअर. बॅटरीला ओझं नाही. तरी २ अँपिअरचा फ्यूज घालाच. वायर घासून शॉर्ट झाली तर फक्त फ्यूज जाईल, गाडीचं वायरिंग वाचेल. डबा काढता यावा म्हणून वॉटरप्रूफ कपलर द्या.

आणि रंग लालच. कुणी पांढरी पट्टी मागेल, तर सरळ नाही म्हणा. मागे पांढरा उजेड दिसला की मागच्याला वाटतं, गाडी समोरून येतेय. शे-दोनशे रुपये बुडाले तर बुडू द्या. ते लेकरू रात्री सुखरूप घरी पोचलं पाहिजे.