माफ झालेले खाते

1990 साली केंद्र सरकारने 10 हजार रुपयांपर्यंतची थकीत शेतीकर्जे माफ केली, तेव्हा मी कळसाडीच्या भागात, त्या वेळच्या धुळे जिल्ह्यात, बँकेत होतो. खाते कोरे झाले तरी काही शेतकरी बँकेची पायरी चढेनात. देणे कागदावरून गेले होते, मनातून नव्हे.

पंडिता रमाबाईंची हकीगत याच जातीची. 1883 साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण पापाचे ओझे उतरेना. धर्म मिळाला, ख्रिस्त मिळायचा राहिला, असे त्यांनी 1907 च्या आपल्या साक्षीत सांगितले आहे. क्षमा आपल्यासाठीही आहे, हे पटायला त्यांना सुमारे आठ वर्षे लागली. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते, देणे दुसऱ्याने भरले आहे. मग रोज स्वतःवर जप्ती आणणे म्हणजे त्या भरण्यावरच अविश्वास!

कोणी विचारील, ज्याचे नुकसान झाले त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. भरपाईतून सुटका नाहीच. पण स्वतःला फटके मारीत बसलेला माणूस शेवटी स्वतःकडेच पाहत असतो. समोरच्याच्या जखमेकडे त्याचे लक्ष नसते. रमाबाईंचे 'शारदा सदन' 1889 चे, म्हणजे काम आधीही होतेच. पण 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली-स्त्रिया आणून केडगावी 'मुक्ती' उभारणारी बाई ओझे उतरलेली होती.

माफी मिळालेल्याने पुन्हा पायरी चढावी, नवा व्यवहार करावा आणि तो नीट पाळावा, एवढेच माफीचे मागणे असते.