फिटवाल्यांची झोपेची गोळी

‘जागरण झालं की फिट येते, मग झोपेची गोळी घेतली तर बिघडलं कुठे?’ पूर्वपक्ष असा. त्याचं पहिलं अर्धं खरं आहे: अपुऱ्या झोपेने फिट ओढवते. घोटाळा पुढच्या उडीत आहे.

झोप आणणारी सगळीच औषधं एका जातीची नसतात. डायफेनहायड्रामिनसारखं ॲलर्जीवरचं औषध गुंगी आणतं, पण फिटची शक्यता वाढवूही शकतं. अल्प्राझोलाम फिट दाबतं. पण रोज घेऊन ते एकदम सोडलं की दबलेल्या फिटा उसळतात, कधी एकामागून एक, न थांबता. फिटसाठी गार्डिनल किंवा क्लोबाझाम आधीच चालू असेल तर गुंगीवर गुंगी चढते, तोल जातो, श्वास मंदावतो. वर दारू असेल तर जिवावर बेततं. याउलट कार्बामॅझेपिन आणि फेनिटॉइन या फिटवरच्या औषधांमुळे यकृत झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचा लवकर निचरा करतं. गोळी लागू पडेना म्हणून माणूस आणखी एक घेतो!

‘आमचं झाडपाल्याचं आहे.’ असेना. जटामांसी झोपेसाठीच घेता ना? मग तिची गुंगी हिशेबात नको?

दुसरं टोक म्हणजे ‘फिटच्या रुग्णाने झोपेच्या गोळीचं नावच काढू नये’. हा सोवळेपणाही मला पटत नाही. गार्डिनल म्हणजे फेनोबार्बिटोन. ते 1912 मध्ये बाजारात आलं तेच झोपेचं औषध म्हणून. त्याच वर्षी जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान यांनी फिटांवरचा त्याचा गुण नोंदवला. क्लोबाझाम तर डायझेपाम या गुंगी आणणाऱ्या औषधाच्याच कुळातलं. मेलाटोनिन मेंदूतज्ज्ञ स्वतःही लिहून देतात. जोडी जमते, पण ती जमवणाऱ्याला दोन्ही औषधं ठाऊक हवीत. शिवाय झोप का उडाली हे तोच शोधू शकतो. फिटवरच्या लॅमोट्रिजिनने उडाली असेल तर डोसची वेळ बदलून भागेल. घोरताना श्वास अडकत असेल तर गोळीने दुखणं वाढेल.

अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम शेड्यूल एच-वनमध्ये आहेत: चिठ्ठी हवी, दुकानदाराच्या वहीत नोंद हवी. शेजारच्या काकूंच्या डब्यातून आलेल्या गोळीची नोंद मात्र कुठेच नसते, आणि मेंदूतज्ज्ञ डोस ठरवतो तो ती नाहीच असं धरून. म्हणून पुढच्या भेटीला सगळ्या स्ट्रिपा न्या, चूर्णाची डबीसुद्धा. झोपेची गोळी रोज चालू असेल तर तोवर ती आपल्या मनाने बंद करू नका, वाढवूही नका.